‘काही विशेष नाही’ म्हणणारे कॅप्टन : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

गेल्या अंकात मी ह्यांच्याविषयी, म्हणजे माझ्या दिवंगत यजमानांविषयी लिहिलं. ज्यांच्या वाचनात तो लेख आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हे प्रवासी विमानांचे कॅप्टन होते. हृदयाचं दुखणं निघालं, वैद्यकीय तपासणीत नापास झाले आणि उडणं थांबलं. पुढे काही वर्षांनी त्याच दुखण्यानं ते गेले. लेख छापून आल्यावर तुमची पत्रं येऊ लागली आणि संपादक म्हणाले, ह्या वेळी प्रश्नोत्तरांचं सदर तुम्हीच लिहा. बरीचशी पत्रं अशा घरांतून आली आहेत जिथला वैमानिक नुकताच गेलाय. त्यांतली काही इथे घेतली आहेत. नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : ताई, माझे थोरले दीर वैमानिक होते. दोन महिन्यांपूर्वी गेले. स्मरणिकेत त्यांच्यावर दोन पानं लिहायची जबाबदारी माझ्यावर आली आहे. ‘गगनाचा राजा’, ‘अनंतात शेवटचं उड्डाण’ असलं काहीतरी लिहून झालं, पण जाऊबाई म्हणतात, ह्यात ते कुठेच नाहीत. खरं सांगायचं तर त्यांच्या नोकरीत पराक्रम म्हणावा असं काही घडलंच नाही. मग लिहू काय?

उत्तर : जाऊबाईंचं ऐका. ‘गगनाचा राजा’ कुठल्याही वैमानिकाच्या फोटोखाली लिहिता येतं, त्यातून तुमचे दीर कोणाला कळणार? आणि ‘शेवटचं उड्डाण’ तर मुळीच नको. त्यांचं शेवटचं उड्डाण खरोखरच झालेलं आहे. त्याला फ्लाइट नंबर होता, तारीख होती, शेजारी कोणीतरी को-पायलट बसला होता. लॉगबुकात, म्हणजे त्यांच्या उड्डाणांच्या नोंदवहीत ती ओळ सापडेल, ती शोधून लिहा.

पराक्रम घडला नाही, हे तुम्ही थोडं बिचकत लिहिलंय, म्हणून ठासून सांगते. माणसं भरलेलं विमान वर्षानुवर्षं नेलं आणि काही घडू दिलं नाही, ह्याहून मोठं काही प्रवासी विमानाच्या कॅप्टनबद्दल सांगता येत नाही. १५ जानेवारी २००९ ला अमेरिकेतले कॅप्टन सलनबर्गर यांनी दोन्ही इंजिनं बंद पडलेलं विमान न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरवलं, आतले सगळे १५५ जण वाचले आणि जगाला त्यांचं नाव कळलं. पण त्याआधीही कितीतरी वर्षं ते माणसांना सुखरूप पोचवतच होते आणि तेव्हा त्यांना कोणी ओळखत नव्हतं. तुमच्या दिरांची सगळी नोकरी त्या नाव नसलेल्या वर्षांसारखी गेली. दोन पानं त्या वर्षांवर लिहायची आहेत.

काही न घडणं आपोआप होत नाही. इंधनाचंच घ्या. मुक्कामापर्यंत पुरेल एवढं, तिथे उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंत पुरेल एवढं, आणि त्यावर जेट विमानाला अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं, हे नियमानंच घ्यावं लागतं. त्याच्या वर किती घ्यायचं ते कॅप्टन ठरवतो. हवामानाच्या कागदावर हे पेन्सिलीनं बारीक गोल करायचे, वादळाच्या शक्यतेला एक, वाऱ्याच्या बदलाला एक, आणि मग जास्तीचं इंधन मागायचे. जास्तीचं इंधन म्हणजे जास्तीचं वजन आणि जास्तीचा खर्च, त्यामुळे कधीकधी त्यावर विचारणाही व्हायची. हे शांतपणे उत्तर द्यायचे आणि पुढच्या वेळी तेच करायचे. तुमच्या दिरांचं अशा बाबतीत काय धोरण होतं? ते सांगणारा एखादा डिस्पॅचर (जमिनीवरून उड्डाणाची आखणी करणारा) किंवा को-पायलट नक्की भेटेल.

एकदा मी आणि मुलं ह्यांच्याच विमानात होतो. बाहेर पाऊस कोसळत होता. विमान खाली खाली आलं, चाकं बाहेर आल्याचा आवाज झाला, आणि अचानक इंजिनं गर्जली आणि आम्ही पुन्हा ढगात. माझ्या शेजारच्या बाईंनी माझा हात घट्ट धरला. थोड्या वेळानं ह्यांचा आवाज आला, नेहमीच्याच स्वरातला : धावपट्टी नीट दिसली नाही, आपण पुन्हा प्रयत्न करतोय, विमानात काहीही बिघाड नाही. दुसऱ्या खेपेला उतरलो. बाहेर पडताना लोक उशीर झाल्याबद्दल कुरकुरत होते. घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणाले, ‘‘काही विशेष नाही. दोनशे फुटांवर दिवे दिसायला हवे होते, नाही दिसले.’’ जमिनीवरच्या रेडिओ संकेतांच्या आधारानं, म्हणजे साध्या आयएलएसवर उतरताना साधारण तीच हद्द असते. तिथवर आल्यावर दिवे किंवा धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाहीतर वर जायचं. ‘अजून थोडं खाली जाऊन बघू’ असं मनात येणाऱ्याला ती हद्द पाळणं फार जड जातं. ह्यांना ती जड गेली नाही, आणि त्या संध्याकाळी विमानातला प्रत्येक जण आपापल्या घरी जाऊन कुरकुर करू शकला.

म्हणून सांगते, त्यांच्याबरोबर उडालेल्या दोघा-तिघांना गाठा. ‘ते कसे होते?’ असं विचारू नका, ‘फार चांगले होते’ एवढंच उत्तर मिळेल. दार बंद झाल्यावर सर्वांत आधी ते काय करायचे, ते विचारा. हवामान बिघडलं की आवाज चढायचा का, ते विचारा. उतरल्यावर लगेच निघायचे की केबिन क्रूशी बोलूनच जायचे, तेही विचारा. दोन पानं अपुरी पडतील बघा.

प्रश्न : काकू, मी दहा वर्षांचा आहे. माझे आजोबा पायलट होते. ते सांगायचे की ढगात गेल्यावर समोरचं काहीच दिसत नाही. मग ते विमान कसं चालवायचे? आता त्यांना विचारता येत नाही म्हणून तुम्हाला विचारतो.

उत्तर : बाळा, तुझे आजोबा अगदी खरं सांगायचे. ढगात खिडकीबाहेर सगळं पांढरं असतं, आणि गंमत म्हणजे तिथे आपलं शरीर आपल्याला फसवतं. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो. विमान हळूहळू वळत राहिलं तर थोड्या वेळानं त्या भागाला ते वळण कळेनासं होतं, आणि विमान तिरकं असतानाही आपल्याला सरळ बसल्यासारखं वाटतं. म्हणून वैमानिकाला पहिल्यापासून शिकवतात की ढगात स्वतःला काय वाटतंय त्यावर जाऊ नकोस, समोरच्या उपकरणांवर विश्वास ठेव. त्यांतलं एक उपकरण आकाश आणि जमीन कुठे आहेत ते सतत दाखवत असतं. उतरताना जमिनीवरून रेडिओचे दोन संकेत येतात. एक सांगतो, तू धावपट्टीच्या डावीकडे आहेस की उजवीकडे. दुसरा सांगतो, तू फार वर आहेस की फार खाली. तो उतार बहुतेक ठिकाणी तीन अंशांचा असतो.

अजून एक सांगते, हे मला आमच्या ह्यांनी शिकवलं होतं. धावपट्टीवर मोठ्ठा आकडा रंगवलेला असतो. २७ असेल तर ती धावपट्टी होकायंत्राच्या साधारण २७० अंशांकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून आहे. तीच दुसऱ्या टोकाकडून आलं तर ०९. आजोबांच्या एखाद्या फोटोत असा आकडा दिसतोय का ते शोध. दिसला तर त्या वेळी त्यांचं विमान कुठल्या दिशेला निघालं होतं ते तुला सांगता येईल.

प्रश्न : तुमचा लेख मला खटकला, म्हणून लिहितो. माझे वडीलही कॅप्टन होते, मागच्या वर्षी वारले. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘कुटुंबवत्सल माणूस’ म्हणायचा, आणि मला आतून संताप यायचा. माझ्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला ते आले नाहीत. माझा हात मोडला तेव्हा ते दुसऱ्या खंडात होते. तुम्हीही लेखात तोच शब्द वापरलात. जो माणूस घरातच नसायचा, तो कुटुंबवत्सल कसा?

उत्तर : तुमचं पत्र मी मुलीलाही वाचायला दिलं. ती म्हणाली, ‘‘आई, ह्यांना समजावत बसू नकोस. ते खरं बोलतायत.’’ तेव्हा समजावत नाही. वडील घरात नसणं म्हणजे काय, ते त्या घरात वाढलेल्या मुलालाच कळतं, आणि वडील गेले म्हणून ते विसरायला हवं असं मला वाटत नाही.

मी तो शब्द का वापरला ते मात्र सांगते. आमच्या घरात महिना एक तारखेला सुरू व्हायचा नाही, रोस्टर, म्हणजे ह्यांच्या ड्यूट्यांचा तक्ता आला की सुरू व्हायचा. तो कागद दारामागे चिकटवला जायचा आणि मग त्यावर मुलांचे वाढदिवस बसवले जायचे. आमच्या धाकट्याचा वाढदिवस कित्येकदा भलत्याच तारखेला झालाय, तो लहान असताना त्याला वाटायचं की वाढदिवस दरवर्षी बदलतो. स्टँडबायच्या दिवशी, म्हणजे बोलावलं तर निघायचं अशा दिवशी, बॅग दाराशी भरून ठेवलेली, आणि फोन वाजला की मुलांचे चेहरे उतरायचे. रात्रीचं उड्डाण करून आले की जाड पडदे ओढून हे दिवसा झोपायचे आणि मुलांना टाचा न वाजवता चालावं लागायचं. ह्यातलं काहीच मुलांना आवडायचं नाही. मलाही नाही.

आणि तरीसुद्धा. विमानाला कंट्रोल टॉवरकडून सूचना आली की वैमानिकानं ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची असते. ऐकताना चूक झाली असेल तर तिथेच सापडते. हे घरीही तसंच करायचे. मुलगी तिसरीत असताना तिनं फोनवर फर्मान सोडलं : ‘‘बाबा, निळे कागद आणा, चार. चकचकीत नकोत. गोंदाची नळी आणा, डबी नको. उद्या सकाळी पाहिजे.’’ मी शेजारी उभी होते. पलीकडून शब्द न् शब्द परत आला : ‘‘निळे कागद चार, चकचकीत नाहीत. गोंद, नळी, डबी नाही. उद्या सकाळी. बरोबर?’’ ‘‘बरोबर,’’ ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. हे मध्यरात्रीनंतर आले. सकाळी तिच्या दप्तराशेजारी कागद होते, कडा न दुमडता गुंडाळी करून रबर लावलेले, आणि गोंदाची नळी. हे तेव्हा झोपलेले होते आणि दुपारी पुन्हा निघणार होते. दोघांची भेट झालीच नाही. पण आपण बोललेला प्रत्येक शब्द बाबांपर्यंत पोचतो, अशी खात्री तिला होती, आणि आजही ती तेच सांगते. त्याचबरोबर आपल्या स्पर्धेला बाबा नव्हते हेही सांगते. शोकसभेत तिनं दोन्ही सांगितलं. सभेत थोडी चुळबूळ झाली. मला मात्र त्या दिवसाचं सर्वांत खरं भाषण तेच वाटलं.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत एक गोष्ट करून बघाल का? त्यांच्याबरोबर उडालेल्या एखाद्या को-पायलटला भेटा. दहा हजार फुटांच्या खाली असताना कॉकपिटमध्ये कामाशिवाय बोलायचं नाही, असा दंडक असतो. पण वर गेल्यावर, पस्तीस हजार फुटांवर, दोन माणसं तासन् तास शेजारी बसलेली असतात. तिथे बोलणं निघतं ते बहुतेक वेळा मुलांचं. हे गेल्यावर एक तरुण भेटायला आला. त्याला मी कधी पाहिलेलं नव्हतं, पण धाकट्यानं गणितात कशी मान टाकली होती आणि मग कशी उचलली, हे त्याला माहीत होतं. तुमचा मोडलेला हातही कोणाला तरी माहीत असेल. त्यानं तुमचा राग जाईल असं नाही. पण दुसऱ्या खंडात बसून त्या दिवशी ते काय बोलले, ते तुम्हाला कळायला हवं असं वाटतं.

प्रश्न : तुम्हाला भीती वाटायची नाही का? (हे विचारणारी बरीच पत्रं आहेत.)

उत्तर : लग्नानंतर पहिल्या काही दिवसांत वाटायची. मग ह्यांचा अभ्यास बघत गेले आणि कमी होत गेली. वर्षातून दोनदा सिम्युलेटरवर परीक्षा असायची. इंजिनाला आग, इंजिन बंद, केबिनमधला हवेचा दाब गेला, असे प्रसंग एकामागून एक समोर टाकतात आणि ते निस्तरून दाखवावे लागतात. इतक्या वर्षांचा अनुभव असलेला माणूस त्याच्या आधी आठवडाभर पुस्तकं घेऊन बसायचा, खुणा करायचा, मला प्रश्न विचारायला लावायचा. परीक्षेची भीती त्यांना कायम वाटली. ते बघून माझी गेली.

प्रश्न : निवृत्तीच्या दिवशी कॅप्टनच्या विमानावर अग्निशमन दलाच्या गाड्या पाण्याची कमान धरतात असं वाचलं आहे. तुमच्या यजमानांना तो मान मिळाला का?

उत्तर : नाही. तो मान ज्याला आपलं शेवटचं उड्डाण कुठलं ते आधी ठाऊक असतं त्याला मिळतो. आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेनं २००६ मध्ये कॅप्टनसाठी वयाची मर्यादा ६० वरून ६५ केली, अर्थात दोन वैमानिकांच्या विमानांसाठी, आणि ह्यांनी मनात तोच आकडा धरला होता. पण परवान्याबरोबर वैद्यकीय प्रमाणपत्रही चालू असावं लागतं, साठीनंतर ते सहा महिन्यांचंच असतं, आणि एका तपासणीत डॉक्टरांनी ईसीजीच्या कागदावर बोट ठेवलं. त्याच्या दोनच दिवस आधी हे उडाले होते. लॉगबुकात ती ओळ इतर ओळींसारखीच आहे, शेरा नाही, काही नाही.

अशा कितीतरी वैमानिकांचा निरोपसमारंभ राहून जातो. तुमच्या घरी तसं झालं असेल तर मनाला लावून घेऊ नका, आणि त्यांच्यामागे सभा घेणार असाल तर त्यात ती ओळ वाचा. आम्ही वाचली. त्या दिवशी शेजारच्या सीटवर बसलेल्या फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट तरुणीनंच वाचली. तारीख, विमानाचा प्रकार, कुठून कुठे, किती वाजता. जागतिक वेळेत, कारण हे लोक दुसऱ्या कुठल्या वेळेत लिहीतच नाहीत. मग ती म्हणाली, ‘‘लँडिंग सरांनी मला दिलं होतं.’’ सभागृहातल्या वैमानिकांना त्याचा अर्थ लगेच कळला. बाकीच्यांसाठी सांगते : दोघांपैकी कोणी उतरवायचं ते कॅप्टन ठरवतो, आणि त्या दिवशी ह्यांनी आपली संधी तिला दिली होती.

प्रश्न : मी फर्स्ट ऑफिसर आहे. ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो ते कॅप्टन गेल्या महिन्यात अचानक गेले. ते माझ्या रक्ताच्या नात्यातले नाहीत, त्यामुळे मला दुःख करायचा हक्क आहे की नाही तेच कळत नाही. परवा रोस्टरप्रमाणे पुन्हा उडायचं आहे. डावीकडच्या, कॅप्टनच्या सीटवर दुसरं कोणी बघवेल असं वाटत नाही.

उत्तर : आधी परवाचं बघू. उडण्याआधी स्वतःला तपासायची यादी तुम्हाला पाठ असणारच : आजार, औषध, ताण, दारू, थकवा, भावना. त्यातला शेवटचा शब्द उगाच घातलेला नाही. मन थाऱ्यावर नसेल तर तसं कळवा आणि ड्यूटीवरून उतरा. ह्यांचे वडील गेले तेव्हा ह्यांनी तेच केलं होतं. सगळे विधी उरकल्यावर ‘आता ठीक आहे’ म्हणून चालत होते, पण एका सकाळी बुटाची नाडी बांधताना तसेच बसून राहिले आणि मग उठून फोन केला : आज मी उडण्याच्या अवस्थेत नाही. त्यात कमीपणा नाही. तुमच्या कॅप्टननी तुम्हाला दुसरं काही सांगितलं असतं असं मला वाटत नाही.

हक्काचं म्हणाल, तर दुःख करायला नातं लागत नाही. आमच्या धाकट्यापेक्षा जास्त तास ह्यांच्याबरोबर बंद खोलीत काढलेले को-पायलट आहेत. सभेला ते मागच्या रांगेत जाऊन बसले, मी त्यांना पुढे आणून बसवलं.

ह्यांच्या पिढीनं तुमच्यासाठी काय केलं, ते तुम्हाला पुस्तकातून माहीत असेल. मी ते घरात बसून बघितलं, म्हणून लिहिते. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. परवानगी मिळालेली नसताना एका विमानानं धाव घेतली होती. धावपट्टी मोकळी झाली का, अशी शंका त्याच्याच कॉकपिटमध्ये निघाली होती, पण ती पुढे रेटली गेली नाही. त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. ‘टेकऑफ’ हा शब्द टॉवर आता प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारतो. आणि कॅप्टनला प्रश्न विचारायला, टोकायला को-पायलटला शिकवलं जाऊ लागलं, आणि कॅप्टनला ते ऐकून घ्यायला. दुसरं फार अवघड होतं. जुन्या वळणाचे कॅप्टन घरी येऊन बोलायचे, ‘आता पोरं आम्हाला शिकवणार!’ हे त्यांच्याशी वाद घालायचे. १९८९ मध्ये कॅप्टन अल हेन्स यांचं डीसी-१० विमान विमान वळवणारी सगळी हायड्रॉलिक यंत्रणा गेल्यावरही केवळ दोन इंजिनांच्या जोरावर अमेरिकेतल्या सू सिटीपर्यंत आलं. विमान कोसळलं, पण २९६ पैकी १८४ माणसं वाचली. प्रवाशांमध्ये बसलेला एक प्रशिक्षक वैमानिक पुढे आला, हेन्स यांनी त्याला आत घेतलं आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर कमी-जास्त करणारे दांडे, त्याच्या हाती दिले. पुढे आयुष्यभर त्यांनी श्रेय एकट्यानं घेतलं नाही. हे वाद घालताना कायम हेच उदाहरण द्यायचे : ‘‘हेन्सनी एकट्यानं आणलं असतं का?’’

ह्यांची स्वतःची एक ठरलेली ओळ होती. नवीन को-पायलट आला की निघायच्या आधी म्हणायचे, ‘‘मला जे दिसत नाहीये ते तुला दिसलं तर लगेच बोल. माझ्या खांद्यावरच्या पट्ट्या मोजत बसू नकोस.’’ हे गेल्यावर ही ओळ मला चौघांनी वेगवेगळी येऊन सांगितली. त्यांतले दोघे आता स्वतः कॅप्टन आहेत आणि तेही आपल्या को-पायलटला हेच सांगतात.

तुमच्या कॅप्टनचीही अशी एखादी ओळ असेल, एखादी सवय असेल. टेकऑफला व्ही-वन येईपर्यंत कॅप्टनचा हात थ्रस्ट लिव्हरवर असतो, त्या वेगानंतर थांबायचं नाही म्हणून तो काढून घेतात, हे तुम्हाला मी काय सांगणार! पण तो हात ते कसा उचलायचे, झटकन की सावकाश, हे जगात तुमच्यासारख्या थोड्याच जणांना माहीत आहे. त्यांच्या घरच्यांनी तो कधी पाहिलेला नाही. कामावर असतानाचा त्यांचा माणूस त्यांना ठाऊकच नाही. म्हणून त्यांच्या बायको-मुलांना जाऊन भेटा आणि हे सगळं सांगा. ‘सर ग्रेट होते’ म्हणून उठू नका, निदान तासभर बसा. मला अशी माणसं भेटली तेव्हा मी नव्यानं ह्यांच्या ओळखीत आले.

प्रश्न : वडिलांचा गणवेश, टोपी, फ्लाइट बॅग आणि लॉगबुकांचा गठ्ठा घरात आहे. आईला काहीच हलवू द्यायचं नाही, भावाला सगळं काचेच्या कपाटात मांडायचं आहे. तुम्ही काय केलंत?

उत्तर : आईंना हवा तेवढा वेळ द्या, त्यात घाई करण्यासारखं काही नाही. फक्त बॅग एकदा उघडून बघा. त्यात ओळखपत्र, विमानतळाचा पास असं काही असेल तर ते कंपनीला परत करावं लागतं, आणि टॉर्चमधले सेल गळून बाकीचं खराब होतं. ह्यांच्या टॉर्चचं तसंच झालं असतं. रात्री विमानाभोवती फेरी मारून टायर, इंजिनाची पाती, विमानाचा हवेतला वेग मोजणाऱ्या नळ्या बघायला तो वापरायचे. आता तो धाकट्याकडे आहे, गाडी बाहेर काढण्याआधी तोही टायरांवर मारून बघतो.

गणवेशाचं तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही चार पट्ट्या ठेवल्या, शर्ट दिले.

लॉगबुकं मात्र काचेच्या कपाटात बंद करू नका, एवढं भावाला माझ्यातर्फे सांगा. ती वाचायची असतात. एका ओळीत तारीख, विमानाचा प्रकार, त्याचा नोंदणी क्रमांक, कुठून कुठे, कॅप्टन म्हणून किती वेळ, को-पायलट म्हणून किती, दिवसाचे तास, रात्रीचे तास, उपकरणांवर उडालेला वेळ. ‘पी-वन’ लिहिलं असेल तर त्या उड्डाणाची जबाबदारी त्यांची होती. सुरुवातीच्या पानांवर बहुधा शिकवणाऱ्याचं नाव दिसेल, आणि मग कुठेतरी पहिली एकट्यानं केलेली भरारी, बहुतेकांनी तिच्याखाली रेघ मारलेली असते. घरातल्या तारखा घेऊन बसा आणि त्या ओळींशी जुळवा. तुमचा जन्म झाला त्या आठवड्यात ते कुठे होते? आईंना ते आठवत असेलच, त्यांना शेजारी बसवा आणि एक एक पान उलटा. जिथे संक्षेपांचा अर्थ लागणार नाही त्या पानाची प्रत मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठवा. ह्यांचं अक्षर वाचून वाचून मला बहुतेक संक्षेप कळतात, मी उलगडून लिहून पाठवीन.